घरच्या पोरी

नवी मुलगी राहायला आली की काकी तिचं नाव विचारत नसत. आधी तिच्या बापाच्या खांद्यावरचं तांदळाचं गाठोडं उतरवून घेत. त्यात हात घालत, मूठभर तांदूळ नाकाशी नेत, ‘गेल्या साली पाऊस बरा लागला वाटतं तुमच्याकडं’ किंवा ‘जरा ओला राहिलाय’ असं काहीतरी म्हणत आणि सगळं गाठोडं स्वतःच्या पिंपात रिकामं करत. पाड्यावरून आलेला तांदूळ घरच्या तांदळात मिसळला की हात झटकून सांगत, ‘झाली घरची.’

भाडं किती, हे विचारायला बाप तोंड उघडायचा. तोवर काकी चहा ठेवायला आत गेलेल्या असत.

मी त्यांच्या शेजारची. डहाणूत स्टेशनच्या पूर्वेला आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. प्रवेश, फी, शिष्यवृत्ती ही माझ्या टेबलावरची कामं. माझ्या पर्समध्ये दिवसाच्या कामांची यादी असते आणि झालेल्या कामावर मी लगेच रेघ मारते. काकींना याची फार गंमत वाटे. संध्याकाळी फाटकाशी मला बघितलं की ओरडत, ‘आली बाय कागदवाली! आज कोणाला खोडलंस?’

सुरुवातीला मी हसायची. पुढे पुढे या विनोदावर हसणं जड जाऊ लागलं.

तुमच्याही गावात कॉलेजच्या आसपास अशी एखादी बाई असेल. तिच्या ओट्यावर कायम कोणाची तरी चप्पल जास्तीची असते आणि दोरीवर ओळखीच्या नसलेल्या ओढण्या वाळत असतात. आपण येता-जाता बघतो. ही बाई नसती तर त्या मुली कुठे राहिल्या असत्या, हा विचार आपल्याला सुचत नाही.

काकी वरोरच्या. माहेरी मासेमारी, सासर रेल्वेतलं. नवरा गँगमन होता. तो असताना त्यांनी हे घर बांधलं, मागे तीन खोल्या काढल्या. मूल झालं नाही. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं त्या सुके बोंबील विकत. गुडघे गेले तेव्हा टोपली सुटली, पण आवाज बाजारातलाच राहिला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी त्या गुजरातीत भांडत. ‘बराबर तोलो ने, भाई!’ हे वाक्य मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. भांडून झालं की त्याच्याच दुकानात बसून त्याच्या सुनेच्या कंबरदुखीवर औषध सांगत.

मुलींची सुरुवात कशी झाली, ते मला पक्कं आठवतं. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेली एक मुलगी बापाबरोबर खोली शोधत गल्लीतून फिरत होती. खोल्या गावात नव्हत्या असं नाही. पाड्याचं आणि आडनावाचं कळलं की त्या भरलेल्या निघत. काकी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी दोघांना तिसऱ्यांदा समोरून जाताना बघितलं आणि हाक मारली, ‘अवं, किती चालवता पोरीला? या इकडं.’ पुढच्या वर्षी तिची चुलत बहीण आली. मग पाड्यावरच्या इतर मुली. तलासरीकडच्या कितीतरी घरांत डहाणू म्हणजे काकींचं घर, एवढीच ओळख होती.

भाडं त्या घेत, पण हातात नाही. देवाच्या फळीवर पितळेचा एक डबा होता. ज्या मुलीला जेव्हा जमेल तेव्हा तिनं जमेल तेवढे पैसे त्या डब्याखाली सरकवायचे. काकी दिवा लावताना डबा उचलत आणि मोठ्यानं म्हणत, ‘देवाला कोणी ठेवलं गं?’ कोणी उत्तर द्यायचं नाही, हा नियम. एका मुलीनं नवखेपणानं ‘मी ठेवले, या महिन्याचं भाडं’ असं सांगितलं, तर काकी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. आपल्या चुलीवर जेवणाऱ्या पोरीकडून पैसे मागायचे, हे त्यांच्या लेखी खानावळवाल्यांचं काम. त्या त्यातल्या नव्हत्या.

मुलींवर प्रेम होतं, पण तोंड गोड नव्हतं. ‘केस विंचर गं, भुतासारखी दिसतेस, मास्तर घाबरंल.’ ‘मोबाइलात काय घुसलीस, त्यात भाकरी हाय का?’ सकाळी सुकटीचा वास गल्लीभर सुटे. एका शिक्षकाची मुलगी तो वास सहन न होऊन दुसऱ्याच दिवशी निघून गेली. काकींनी तिचा तांदूळ जाताना दुप्पट करून परत दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘नाक मोठं हाय तिचं, घर लहान पडलं.’

या सगळ्यांत जयंती काकींची विशेष लाडकी होती. ते त्या कधी कबूल करत नसत. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी. बाप चिकूच्या वाडीत कामाला. ती विज्ञान शाखेत दुसऱ्या वर्षाला होती, रसायनशास्त्र घेऊन. प्रयोगशाळेतून आली की हाताला वास असे. काकी तिचा हात हुंगून म्हणत, ‘माझ्या बोंबलाला नावं ठेवतात, आणि हे काय?’

त्याच सुमारास आमच्याकडे एकेक गोष्ट आवळत गेली. वसतिगृहाच्या एका बाजूला ‘धोकादायक’ अशी पाटी लागली आणि तिथल्या जागा कमी झाल्या. दुरुस्ती होईपर्यंत असं सांगण्यात आलं. दुरुस्ती सुरूच झाली नाही. जागा नाही म्हणून पाड्यांवरच्या मुली प्रवेशाला येईनात. मुली येईनात म्हणून विज्ञानाच्या वर्गाची संख्या भरेना. संख्या भरेना म्हणून अनुदानित तुकडी गेली आणि तोच वर्ग, तेच बाक, त्याच भिंती विनाअनुदानित झाल्या. फी वाढली. वाढलेल्या फीचा सगळा भार शिष्यवृत्ती उचलत नव्हती. हे सगळे कागद माझ्या टेबलावरून गेले. प्रत्येक कागद स्वतःपुरता बरोबर होता.

जयंतीपुढे एकच वाट होती. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलींना राहण्याजेवणासाठी सरकारकडून खात्यात रक्कम मिळते. ती मिळाली असती तर वाढलेली फी भरून तिचं वर्ष पुढे गेलं असतं. नाही मिळाली तर शिक्षण तिथेच थांबणार होतं. अट अशी की मुलगी भाड्यानं राहत असली पाहिजे, नातेवाइकांकडे नाही. भाडेकरार हवा, आणि सरकारी कार्यालयातलं कोणीतरी घरी येऊन खात्री करणार.

मी भाडेकरार तयार केला. काकींना समोर बसवून वाचून दाखवला. त्यांनी शेंगा सोलत शांतपणे ऐकला आणि सही केली. सही त्या छान करत, शेवटी एक रेघ ओढून.

‘काकी, साहेब येईल. तो विचारेल, मुली भाड्यानं राहतात का. तुम्ही हो म्हणायचं. एवढंच.’

‘कागदावर लिहिलंस ना?’

‘लिहिलंय. पण तोंडानंही सांगायला लागेल.’

‘कागदाला लाज नसते बाय. तोंडाला असते.’

‘काकी, जयंतीची फी त्याच्यावर आहे.’

‘बरं बरं. सांगते. मला काय येडी समजतेस?’

साहेब आला तेव्हा मी कॉलेजात होते. जयंती घरी होती. तिनं नंतर मला जे सांगितलं ते असं.

तरुण माणूस होता, सभ्य होता. चप्पल बाहेर काढून आत आला. काकींनी त्याला खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला, पाणी दिलं, चहा दिला. कुठला, घरी कोण कोण, लग्न झालं का, सगळं विचारून घेतलं. त्याची आईही मासळीवाली निघाली, सातपाटीकडची. मग काय, काकी खूश. तेवढ्यात त्यानं फाइल उघडली.

‘भाडं किती घेता, आजी?’

‘कोणाकडनं?’

‘या मुलींकडून.’

‘ऐका! पोरींकडनं भाडं घेऊ मी? त्यांच्या शेतातला तांदूळ येतो, माझं कालवण असतं. एका पातेल्यातलं खातो. घरच्या पोरी हायेत.’

‘म्हणजे नात्यातल्या?’

‘नात्याच्याच म्हणा.’

जयंतीनं मागून त्यांचा पदर ओढला. काकी वळून म्हणाल्या, ‘पाहुण्यासमोर खुणा काय करतेस गं? रीत नाय तुला?’

जयंती पुढे होऊन म्हणाली, ‘सर, आम्ही भाडं देतो.’

काकी हसल्या. ‘पोर हाय. लाजते, फुकट खाते असं वाटायला नको म्हणून.’

साहेबानं लिहून घेतलं. खाली काकींची सही घेतली. जाताना काकींनी त्याच्या हातात सुक्या बोंबलांची पुडी दिली, आईसाठी.

संध्याकाळी मी फाटकाशी पोचले तर काकी ओट्यावर वाट बघत होत्या, तोंडभर हसत. ‘तुझा साहेब येऊन गेला! चांगल्या घरचा हाय. भाड्याचं काढलंन, पण मी असा गप केला त्याला!’

मी दाराकडे पाहिलं. जयंती चौकटीला टेकून उभी होती. तिचं तोंड पाहून मला पुढचं विचारावं लागलं नाही.

मी काकींना समजावलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू नुसतं तसंच राहून गेलं, कोणी उतरवायला विसरल्यासारखं. शेवटी म्हणाल्या, ‘पण पाहुण्याला असं कसं सांगायचं गं, की मी पोरींना पैसे घेऊन जेवू घालते?’

यादी लागली. जयंतीच्या आणि काकींकडच्या इतर मुलींच्या नावापुढे ‘अपात्र, नातेवाइकांकडे वास्तव्य’ असं होतं.

दुसऱ्या दिवशी काकींनी ठेवणीतलं लुगडं काढलं. मला म्हणाल्या, ‘चल, तुझ्या साहेबाकडं.’ मी अर्धी रजा टाकली. गुडघ्यांमुळे रिक्षातून उतरायलाच त्यांना वेळ लागला. त्या सरकारी कार्यालयात खूप माणसं होती, दाखल्यांना आलेली, बाकांवर बसलेली. साहेब जागेवर नव्हता. टेबलाशी दुसरा कारकून होता. काकी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि बाजारातल्या आवाजात म्हणाल्या,

‘मी भाडं घेते.’

सगळे वळून बघायला लागले.

‘काय?’

‘पोरींकडनं भाडं घेते. पैसे घेते. भाडेवाली हाय मी. त्या दिवशी खोटं बोलले. लिहून घ्या.’

त्या बाईला मी इतकी वर्षं ओळखत होते. तिनं नवऱ्याच्या मयतीत सगळ्यांसमोर डोळ्यांना पदर लावला नव्हता. ‘भाडेवाली’ म्हणून झाल्यावर तिनं तो लावला.

कारकून वाईट नव्हता. त्यानं फाइल शोधली, वाचली. म्हणाला, ‘आजी, आधी तुम्हीच सही करून दिलंय नात्यातल्या म्हणून. आता दुसरं सांगताय. यातलं खरं कुठलं धरायचं?’

‘दोन्ही,’ काकी म्हणाल्या.

तो माझ्याकडे बघू लागला. मी अर्ज दिला, फेरतपासणी करा म्हटलं. त्यानं तो घेतला, पोच दिली आणि सांगितलं की यंदाचं पोर्टल बंद झालंय, वरून उघडलं तरच. नाहीतर पुढच्या वर्षी.

‘पुढच्या वर्षी?’ काकी म्हणाल्या. ‘पोरगी यंदा हाय.’

वरून उघडलं नाही. मी तीन वेळा जाऊन आले, प्राचार्यांचं पत्र जोडलं, जमलं नाही. माझ्या यादीतलं ते काम पानामागून पान पुढे सरकत राहिलं.

मग एक दिवस मला किराणावाल्यानं सांगितलं, ‘बेन, तुमच्या काकी मार्केटमां बेठी छे.’ मी जाऊन बघितलं. काकी जमिनीवर पाय लांब करून बसल्या होत्या, समोर बोंबलांची टोपली. त्यांचा भाऊ वरोरहून माल आणून देत होता. गुडघ्यांवर कसलासा पाला बांधला होता. मला बघून ओशाळल्या नाहीत. ‘फीचं बघायला नको का?’ एवढंच म्हणाल्या. ‘तिला सांगू नको. तिला वाटतं मी दवाखान्यात जाते.’

जयंतीला कळायला वेळ लागला नाही. डहाणूचं मार्केट केवढं! ती दूर उभी राहून बघून घरी आली. काकींचं जेवण वाढलं, भांडी घासली. दोन दिवसांनी पुस्तकं ग्रंथालयात परत करून गावी गेली. सणाला जाते असं सांगून गेली. कुठला सण, हे काकींना आठवेना. त्यांनी मला विचारलं. त्या आठवड्यात सण नव्हता.

ती उंबरगावकडच्या एका कंपनीत लागली, पॅकिंगला. तलासरीहून कंपनीची गाडी मुलींना घेऊन जाते.

एका रविवारी काकींना घेऊन मी तिच्या पाड्यावर गेले. जयंती कामावर होती. रविवारीही कामाची पाळी होती. आईनं आम्हाला ओटीवर बसवलं, कोरा चहा दिला. काकी सगळ्या घराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पोरीला सांग, खोली तशीच हाय. कोणाला दिली नाय.’

आई खाली बघत म्हणाली, ‘सांगन. पण ती नाय यायची, काकी. धाकटीची वही, दप्तर तीच आणते आता.’

‘माझ्यामुळं झालं.’

‘नाय वो. तुम्ही घरची म्हणालात.’

परतीच्या जीपमध्ये काकींनी माझा हात धरून ठेवला होता. दाबला नाही, नुसता धरला होता. डहाणू आलं तरी सोडला नाही.

उरलेल्या मुलींपैकी दोघींनी कशीबशी परीक्षा दिली. बाकीच्या आधीच गेल्या. मे महिन्यात काकी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘मला एक पाटी करून दे.’

‘कसली?’

‘मुलींसाठी खोल्या भाड्यानं मिळतील.’

मी विचारलं, ‘काकी, “भाड्यानं” लिहू?’

‘तेच मोठं लिही. लांबनं वाचता आलं पाहिजे साहेबाला.’

पाटी रंगवून आणली. फोन नंबर कोणाचा टाकायचा, हा प्रश्न आला, कारण काकी फोन उचलत पण कोण बोलतंय ते कळायच्या आधी ओरडून ठेवून देत. माझा नंबर टाकला. पाटी त्यांनी स्वतः उभं राहून रस्त्याकडच्या भिंतीवर ठोकून घेतली. मग रस्त्यापलीकडे जाऊन वाचली. रोज संध्याकाळी देवाच्या दिव्याबरोबर पाटीवरचा बल्बही लावायच्या.

जून आला. त्या वर्षी विज्ञानाचा पहिल्या वर्षाचा वर्ग सुरूच झाला नाही. आलेले अर्ज इतके कमी होते की परवानगी मिळाली नाही. जे आले होते त्यांना मी फोन करून सांगितलं, पालघरला बघा, बोईसरला बघा, नाहीतर कला शाखा घ्या. काकी विचारत, ‘कोणी आलं का गं?’ मी म्हणे, ‘अजून नाही.’ मग म्हणाल्या, ‘पाटीला भिऊन पळत असतील. भाडं मागणारी बाई, कोण येणार?’ वर्ग बंद झालाय हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटीचाच विषय काढला.

दिवाळीच्या आधी भावानं त्यांना वरोरला नेलं. तिथे त्या अंगणात वाळणीवर पसरलेल्या बोंबलांपाशी काठी घेऊन बसत, कावळे हाकायला. भाऊ म्हणाला, त्या कावळ्यांशीसुद्धा गप्पा मारतात. थंडी संपता संपता एका सकाळी त्या तिथेच बसल्या बसल्या गेल्या. मी पोचले तेव्हा विधी झालेला होता. जयंती आली होती. कंपनीच्या गणवेशात होती, थेट पाळीवरून. आम्ही दोघी एकाच रिक्षातून परत आलो. तिनं रसायनशास्त्राच्या मॅडमबद्दल विचारलं. मी सांगितलं, त्यांची बदली झाली.

घराला कुलूप आहे. काकींच्या भाच्यानं किल्ली माझ्याकडे ठेवलीय. मी महिन्यातून एकदा दारं उघडून झाडून घेते. पाटी काढायला हवी, हे काम यादीत आहे, पण होत नाही. तिच्यामुळे मला फोन येत राहतात. रस्त्याच्या कामावरचे ठेकेदार विचारतात, माणसं ठेवायची आहेत, चालेल का? मी नाही म्हणते.

गेल्या आठवड्यात दुपारी टेबलावर असताना एक फोन आला. तलासरीकडचा माणूस होता. अडखळत बोलत होता.

‘म्याडम, पाटीवर नंबर बघितला. खोली पायजे. पोरगी बारावी झाली. तिथं म्हातारी हाय ना, तिच्याकडंच ठेवायची हाय. आमच्या पाड्यावरच्या पोरी राहायच्या.’

‘कोणत्या वर्गाला घालताय?’ मी विचारलं.

‘सायन्स म्हणते. लय मार्क हायेत तिला.’

मला त्याला दोन गोष्टी सांगायच्या होत्या, एक म्हातारीची, एक वर्गाची. आधी कोणती सांगावी ते ठरेना, म्हणून मी एका श्वासात दोन्ही सांगून टाकल्या. फोन ठेवला नाही त्यानं. रस्त्यावर असावा, गाड्यांचे आवाज येत होते. मग त्याच्या जवळूनच एका मुलीचा आवाज आला,

‘बाबा, काय बोलल्या? कधी येऊ म्हणाल्या?’